आर्विल टिडमोरने हो म्हटलं तो रविवार

आर्विल टिडमोर आमच्या कोल्डब्रँचमधल्या प्रत्येक घराच्या अंगणात चौतीस वर्षं जात राहिला, पण एकाही घराच्या आत गेला नाही. यात कोणाचा दोष नव्हता, कामच तसं होतं. तो पाण्याचे मीटर वाचायचा. आमच्या उत्तर अलाबामात मीटर असतो अंगणाच्या कोपऱ्यात, जमिनीत, लोखंडी झाकणाखाली. झाकण उचलायचं, आतला कोळी काडीने बाजूला करायचा, आकडा टिपायचा, झाकण पायाने बसवायचं, की पुढचं घर. कोणाचा नळ गळतो, कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाचं तान्हं मूल आता दुपट्यातून बाहेर पडलं, सगळं त्याला त्या आकड्यावरून कळायचं. पण बोलणार कोणाशी? बायका दाराच्या जाळीआडून हात हलवायच्या, हा मान हलवायचा. झालं संभाषण.

होमर कल्पेपरकडे एक मोठं बदक होतं, भलतं तापट. ते पोस्टमनला चावलं, विमेवाल्याला चावलं, एकदा तर पाळकसाहेबांच्या पोटरीला चावलं. आर्विल खिशात सकाळचा उरलेला पाव ठेवायचा आणि फाटकात पाय टाकण्याआधी तो बदकापुढे टाकायचा. दर महिन्याच्या नऊ तारखेला, न चुकता. आर्विल निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा माणूस आला. होमर सांगायचा, त्यानंतर तीन महिने ते बदक नऊ तारखेला सकाळपासून फाटकाशी उभं असायचं. आता बदकाला तारीख कशी कळायची ते मला विचारू नका, होमरलाही ते सांगता आलं नाही. पण गावातल्या कोणाला आर्विलची आठवण व्हायच्या आधी त्या बदकाला झाली, एवढं खरं.

मी आणि आर्विल शेडी ग्रोव्हच्या दोन खोल्यांच्या शाळेत एका बाकावर होतो. तेव्हापासून तो असाच. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर त्याला यायचं, पण हात वर करायचा नाही. माझ्या कानात सांगायचा आणि मी उभा राहून शाबासकी मिळवायचो. आठवीपर्यंतचं माझं शिक्षण असं अर्धं त्याच्या तोंडून झालेलं आहे.

असल्या माणसाला बायको मिळाली युनेल. ती दोघांच्या वाटचं बोलायची. मूलबाळ नव्हतं. शनिवारी तिची शिवणाची मैत्रिणींची बैठक, रविवारी चर्च, आणि चर्च सुटलं की वायलोडीनच्या हॉटेलात जेवण. ते तर आम्हा सगळ्यांचंच ठरलेलं होतं.

वायलोडीनचं हॉटेल म्हणजे एक लांब खोली, चौदा टेबलं, भिंतीवर एक फळा. फळ्यावर डावीकडे मांसाचे पदार्थ, उजवीकडे भाज्या. डावीकडचं एक घ्यायचं, उजवीकडची तीन. बरोबर मक्याचा पाव आणि बर्फ घातलेला गोड चहा, हवा तितका. उजवीकडे चवळी असते, तळलेली भेंडी असते, डुकराच्या हाडाबरोबर तीन तास शिजवलेला पाला असतो आणि चीज घातलेली मॅकरोनी असते. एकदा ओहायोचा एक फिरता विक्रेता जेवायला बसला आणि म्हणाला, "बाई, मॅकरोनी भाजीत कशी?" वायलोडीन पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, "का बाळा, तुमच्याकडे ती कशात मोडते?" बिचाऱ्याने बराच वेळ विचार केला. शेवटी त्याने मॅकरोनी घेतली.

वायलोडीन सगळ्यांना बाळा म्हणायची. मला म्हणायची, पाळकांना म्हणायची, न्यायाधीशालाही म्हणायची. वयाने माझ्याहून धाकटी होती, पण ते कोणी मनावर घेत नसे.

आर्विल आणि युनेल दाराजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसायचे, गोड पदार्थांच्या काचेच्या कपाटाशेजारी. आर्विलने तोंड उघडायची गरजच नव्हती. युनेल सांगायची, "त्याला कोंबडी दे, चवळी, मॅकरोनी आणि पाला. भेंडी नको हं देऊस वायलोडीन, भेंडी खाल्ली की हा रात्रभर झोपत नाही."

एका फेब्रुवारीत युनेल गेली. झोपेतच. पहिले दोन आठवडे आर्विलच्या घरी जेवणाने भरलेली भांडी इतकी आली की त्याला शीतकपाटाचं दार लागेना. आमच्याकडे दुःखाच्या घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही, भांड्याच्या तळाला नाव लिहिलेली पट्टी चिकटवून भांडं ठेवून येतात. मग भांडी थांबली. ती धुऊन, पट्ट्या तशाच ठेवून, आर्विलने एकेक घरी पोचती केली. मी फ्लॉयला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं की तो आला तेव्हा तू त्याला आत बोलावलंस का. ती म्हणाली, "तो पायरीच्या खालीच उभा होता रे. भांडं पुढे केलं, थँक्यू म्हणाला आणि मीटरच्या झाकणाकडे बघून निघून गेला."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तो वायलोडीनकडे त्याच टेबलावर एकटा बसला. समोरच्या खुर्चीवर त्याने टोपी ठेवली. वायलोडीन आली. "काय आणू बाळा?" आर्विलने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. वायलोडीन शहाणी बाई. ती पुढे काही न विचारता आत गेली आणि कोंबडी, चवळी, मॅकरोनी, पाला घेऊन आली.

सहाएक महिन्यांनी त्याने एकदा भेंडी मागितली. वायलोडीनने मला हे मुद्दाम येऊन सांगितलं, जसं काही एखाद्याने दाढी ठेवली. पुढच्या रविवारी तिने त्याला विचारलं, "मग? झोप लागली का?"

"लागली," आर्विल म्हणाला. "छान लागली." मग थोड्या वेळाने म्हणाला, "एकोणचाळीस वर्षं उगाच." आणि हसला. पण हसून झाल्यावर ते सांगायला तो पुन्हा समोर बघायला लागला, आणि तिथे टोपी होती.

आता पुढचं सांगण्याआधी निघतानाचं बोलणं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच झाली.

आमच्याकडे कोणी नुसतं उठून जात नाही. हॉटेलातून निघायचं तर वाटेत जे जे टेबल लागेल तिथे थांबायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "चला, आमच्याबरोबर घरी." बसलेल्याने म्हणायचं, "आज नको. तुम्हीच बसा ना थोडं." की निघणाऱ्याने म्हणायचं, "पुढच्या वेळी." मग जायचं. ही आमच्याकडची दार हळूच ओढून घ्यायची पद्धत आहे, आवाज न करता. माझे वडील शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते, दोन दिवसांचे सोबती. डॉक्टर बॅग बंद करून निघाले तसे वडील अंथरुणातून म्हणाले, "एवढ्यात निघालात? राहा की रात्रभर." डॉक्टर म्हणाले, "आज नको. तुम्हीच चला आमच्याबरोबर." वडील म्हणाले, "पुढच्या वेळी." आई कोपऱ्यात डोळे पुसत होती. तिलाही यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा आर्विलला हे माहीत नव्हतं असं समजू नका. तो इथेच जन्मला, त्याचे आजोबा इथेच पुरलेत. त्याने स्वतः हजार वेळा "आज नको" म्हटलेलं. त्याचं टेबल दाराशी, त्यामुळे जाणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबायचा. रविवारी दहा-बारा बोलावणी तर कुठे गेली नाहीत. आठवडाभरात त्याच्या खांद्यावर पडणारे हात तेवढेच.

तो ऑक्टोबरमधला रविवार. मेथडिस्ट, म्हणजे गावातल्या दुसऱ्या चर्चची मंडळी, आमच्या आधी येऊन बसलेली होती. ती नेहमीच आधी येतात. त्यांच्या पाळकांना स्वतःलाच कोंबडी आवडते, त्यामुळे त्यांचं प्रवचन बाराला दहा कमी असताना संपतं. आमच्या चर्चचे पाळक ब्रदर ओडेल "आता शेवटचं सांगतो" असं तीनदा म्हणतात, आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत कोंबडीचे छातीचे तुकडे संपलेले असतात. आम्ही पंखांवर भागवत होतो. गार्लंड स्ट्रिपलिंग आणि त्याची बायको नेल्डा मेथडिस्ट, म्हणजे त्यांचं जेवण उरकलेलं. दोघं उठली. गार्लंडच्या तोंडात काडी. तो लाकडाच्या वखारीचा मालक, मोठ्या आवाजाचा, मनाने बरा. आर्विलच्या टेबलापाशी थांबला, खांद्यावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "चल आर्विल, आमच्याबरोबर घरी."

आर्विलने रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. समोरच्या खुर्चीवरची टोपी उचलली.

"बरं," तो म्हणाला. "चला."

मी दोन टेबलं पलीकडे होतो. गार्लंडच्या तोंडातली काडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली आणि परत आली. नेल्डाने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हो, हो, चल ना," ती म्हणाली. "आम्हाला आनंदच आहे." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की तो आनंद कितपत आहे ते आसपासच्या सगळ्या काट्याचमच्यांनाही कळलं.

ते तिघं बाहेर पडले. मग मेथडिस्टांच्या टेबलावरून एका बाईचा आवाज आला, "तो खरंच गेला का गं?"

सोमवारी सकाळी गार्लंड माझ्या चाऱ्याच्या दुकानात आला. त्याला काही घ्यायचं नव्हतं. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोणीवर बसला.

"लेल्डन, तो आला," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"नाही, तुला कळत नाहीये. तो खरंच आला. त्याचा ट्रक आमच्या मागे. मी आरशात बघत होतो. प्रत्येक चौकात वाटायचं, आता हा त्याच्या घराकडे वळेल, गंमत केली म्हणेल. नाही वळला."

"मग?"

"मग काय? नेल्डाने दिवाणखाना उघडला. तो दिवाणखाना मी स्वतः नाताळनंतर पाहिला नव्हता. सोफ्यावरची चादर काढली, आम्ही तिघं बसलो. रविवारी दुपारी मी काय करतो तुला ठाऊक आहे."

"झोपतोस."

"पट्टा सैल करून झोपतो. नेल्डा पायातले जोडे काढून, पाय वर करून मासिक वाचते. काल मी टाय घालून साडेचार तास सरळ बसलो. नेल्डाचे पाय सुजले."

"काही बोलला का तो?"

गार्लंडने टोपीने गुडघा झटकला. "म्हणाला, मागच्या अंगणात अंजिराखालचा नळ गळतोय. बरोबर होतं त्याचं, गळत होता. मग म्हणाला, 'मला चौतीस वर्षं वाटायचं, तुमचं स्वयंपाकघर पूर्वेला असेल.' नेल्डाने त्याला नेऊन स्वयंपाकघर दाखवलं. मग पोरांचे फोटो दाखवले. त्याने एकेक फोटो बघितला, लेल्डन. नुसता नजर टाकून नाही, बघितला. विचारलं, हा कोण, हा कुठे असतो. मी माझ्या पोरांचे फोटो इतके कधी बघितले नाहीत."

"मग वाईट काय झालं?"

बाहेर कोणीतरी गाडी लावली, परत काढली.

"पाचला निघाला," तो म्हणाला. "दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. आता म्हणायचं असतं ना आपण, 'एवढ्यात कुठे? जेवूनच जा.' नेल्डाने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं."

"का?"

"राहिला असता तर? घरात थंड मांसाचे दोन काप होते." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तो तिथे उभा होता. मला वाटतं, 'नको' म्हणायला तो तयार होऊन उभा होता. आम्ही म्हणायची वाट बघत होता. आम्ही नाहीच म्हटलं. शेवटी तो 'बरंय' म्हणाला आणि पायऱ्या उतरला."

गार्लंडने हे मला सांगितलं, तसंच आणखी चौघांना सांगितलं असणार. नेल्डाने चौदा जणींना. त्यात आर्विलबद्दल कोणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळ्यांना त्याची दयाच आली. पण दया आली तरी रविवार दुपारचा दिवाणखाना कोणाला उघडायचा नव्हता.

पुढच्या रविवारी मी ताटातला शेवटचा पाव चवळीच्या रसात बुडवत होतो, तेव्हा लक्षात आलं. मेथडिस्ट उठले. नेहमी ते दाराकडे सरळ येतात, आर्विलवरून. त्या दिवशी पहिलं कुटुंब चहाच्या पिंपाकडून वळसा घालून गेलं. दुसरंही तिकडूनच. तिसऱ्यातली म्हातारी चुकून आर्विलच्या बाजूला आली, थांबली, म्हणाली, "हवा गार झाली नाही का, मिस्टर आर्विल?" आणि सुटली. खांद्यावर हात नाही. "चला" नाही.

आर्विल टोपीसमोर बसून केळ्याचं पुडिंग खात होता. त्याने मान वर केली नाही. पण माणूस चौतीस वर्षं झाकणाखालच्या आकड्यावरून घरातलं ओळखत आलेला. त्याला काय कळलं नसेल.

आणि आम्ही? आम्ही उठलो तेव्हा मी फ्लॉयच्या कोपराला धरलं आणि आम्ही पिंपाकडून गेलो. वायलोडीन चहाचा जग भरत होती. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं. "लेल्डन बाळा," ती म्हणाली, "तू पण?"

मी म्हणालो, घाई आहे. रविवारी दुपारी आम्हाला कसली घाई.

असे पाच रविवार गेले. आर्विल येत राहिला. पूर्वी तो गर्दी संपायच्या सुमारास उठायचा, आता सगळे गेले तरी बसून राहायचा. वायलोडीन टेबलं पुसायची, खुर्च्या आत सरकवायची, तो बसलेला. एकदा त्याने उलट करून बघितलं. उठला, जाता जाता आमच्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "चला, माझ्याबरोबर घरी." मी इतक्या चटकन "आज नको" म्हणालो की माझ्या तोंडातला घास दिसला असेल. "तुम्हीच बसा" म्हणायला मी विसरलो. की विसरलो नाही, देव जाणे. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी," आणि गेला. तीन टेबलांवर त्याने विचारलं, तिन्हीकडे तसंच झालं.

नोव्हेंबरात एका सोमवारी मी पीच-पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, घ्यायला वायलोडीनकडे गेलो. तिने तो बांधून दिला आणि दोरीची गाठ मारताना म्हणाली, "काल आर्विल माझ्याशी बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'वायलोडीन, मी काय मोडलं ते मला ठाऊक आहे. ते जोडायचं कसं ते कळत नाही.' मी म्हटलं, 'बाळा, तुला लोकांच्या घरी जायचं होतं का?' तर म्हणाला, 'त्या एका दिवशी जायचं होतं. आता नाही. आता नुसतं कोणी विचारलं तरी पुरे.'"

मी ते पुडकं घेऊन घरी आलो आणि फ्लॉयला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलायची थांबली नाही, पण साली जाड निघायला लागल्या.

"रविवारी तू त्याला बोलवायचंस," ती म्हणाली. "आणि खरं बोलवायचंस."

"खरं म्हणजे?"

"खरं म्हणजे खरं. तो आला पाहिजे आपल्याकडे. मी दिवाणखाना झाडते. खोबऱ्याचा केक करते, तीन थरांचा. तुझ्या त्या सोंगट्या काढून ठेव, दोघं खेळा. आणि संध्याकाळी त्याला जेवायला ठेवून घ्यायचं."

"पण फ्लॉय, वाक्य तर तेच आहे. 'चल आमच्याबरोबर' असंच म्हणणार ना मी? त्याला कसं कळणार खरं की नुसतं?"

तिने सुरी खाली ठेवली. हे तिलाही सुचलं नव्हतं. आमच्याकडे खोटं बोलावणं आणि खरं बोलावणं एकाच शब्दांत होतं, वेगळे शब्दच नाहीत कोणाजवळ.

"केकचं सांग," ती शेवटी म्हणाली. "म्हणावं, फ्लॉयने केक केलाय, तीन बशा काढून ठेवल्यात. बशा म्हटल्यावर कळेल त्याला."

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा तो रविवार. फ्लॉयने शनिवारी दिवसभर खोबरं किसलं. चर्चला निघताना तिने टेबलावर तीन बशा, तीन काटे, तीन कप मांडले आणि वर एक पातळ फडकं टाकलं. ब्रदर ओडेल त्या दिवशी "शेवटचं सांगतो" चार वेळा म्हणाले. मला एकदाही राग आला नाही, मी मनात वाक्य घोकत होतो. चल आर्विल आमच्याबरोबर घरी, फ्लॉयने केक केलाय, बशा काढल्यात. शाळेत कविता पाठ करायचो तसं. तेव्हा अडलो तर कानात सांगायला तो असायचा.

वायलोडीनकडे गच्च गर्दी. फ्लॉयने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. मी उठलो.

मी पिंपाकडे वळलो नाही. सरळ दाराकडे चालायला लागलो. पाच रविवारांत मुद्दाम तिकडून कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी निघालो तशी खोली गप्प होत गेली, एकेका टेबलाने. वायलोडीन जग हातात धरून उभी राहिली. गार्लंड स्ट्रिपलिंगने काडी तोंडातून काढली.

मी आर्विलच्या खांद्यावर हात ठेवला. कोटाच्या आत खांदा हाडकलेला होता.

"चल आर्विल," मी म्हणालो, "आमच्याबरोबर घरी."

त्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. साठ वर्षं ओळखत होतो त्याला, तसा मी तो कधी पाहिला नव्हता. माझ्या जिभेवर केक आला होता. मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात तो म्हणाला,

"आज नको, लेल्डन. तुम्हीच बसा ना थोडं."

अगदी बरोबर. ना लवकर, ना उशिरा. आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शाळेत कधी हात वर न केलेला माणूस.

खोलीने श्वास सोडला. खरंच, ऐकू आला मला. वायलोडीनने कोणाचा तरी पेला भरला आणि पार काठोकाठ भरून सांडला. मेथडिस्टांच्या टेबलावरून गार्लंड ओरडला, "मग आमच्याकडे तरी चल की आर्विल. नेल्डाने सोफ्यावरची चादर अजून घातलेली नाही."

"घातली आहे," नेल्डा म्हणाली, आणि सगळे हसले.

"नको गार्लंड," आर्विल म्हणाला. "तुझी झोप मोडते." त्यावर तर टेबलं हादरली. आर्विल टिडमोरने विनोद केला, हे लोक आठवडाभर सांगत होते.

मी अजून तिथेच उभा. हात खांद्यावरच. केकचं सांगायला अजून वेळ होता, एक वाक्य तर होतं. पण लोक उठायला लागले होते. पहिलं मेथडिस्ट कुटुंब सरळ दाराकडे येत होतं, आर्विलकडे, माझ्या मागे रांग लागल्यासारखं झालं होतं. आता मी बशांचं बोललो असतो तर त्याला यावं लागलं असतं, किंवा खरंखुरं नाकारावं लागलं असतं, आणि दोन्हीत ते पुन्हा मोडलं असतं. पाच रविवारांनी त्याच्या हाती लागलेलं.

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला.

माझा हात निघाला तिथे दुसऱ्याचा पडला. बाहेर येईपर्यंत मागून ऐकू येत होतं, चला मिस्टर आर्विल, आज नको, तुम्हीच बसा ना.

गाडीत फ्लॉय फाट्यापाशी म्हणाली, "केकचं सांगितलंस?"

"नाही."

"तो काय म्हणाला असता?"

"ठाऊक नाही गं."

मला वाटलं ती चिडेल. ती खिडकीबाहेर कापूस काढून झालेल्या शेतांकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने फडकं काढलं आणि एक बशी, एक काटा, एक कप कपाटात ठेवून दिला. "एक तुकडा नेऊन देऊ का त्याला?" तिने विचारलं. मी म्हणालो, नको, त्याला कळेल. काय कळेल ते तिने विचारलं नाही.

आर्विल त्यानंतर आठ वर्षं जगला. दर रविवारी त्या टेबलावर जेवला, समोर टोपी. दहा-बारा बोलावणी आली, सगळ्यांना त्याने नीट नाही म्हटलं आणि शेवटी ट्रक काढून एकटा घरी गेला. माझंही एक बोलावणं त्यात असायचं. आठ वर्षांत मी ते कधी नुसतं म्हणायचो, कधी खरं, आणि कुठलं कुठलं होतं ते त्याला कळलं असेल का, हे मी त्याला विचारू शकलो नाही.

तो केक आम्हा दोघांना गुरुवारपर्यंत पुरला. शेवटी कोरडा झाला होता, दुधात बुडवून खावा लागला.